विंचू चढतो म्हणजे नक्की काय होतं?

मराठीत विंचू नुसता चावत नाही, तो चढतो. मग त्याला उतरवावं लागतं. सापाच्या बाबतीत आपण 'विष चढलं' म्हणतो, पण इथे अख्खा विंचूच अंगावर चढतो, आधी पायात, मग मांडीत, मग जांघेत. कळ जशी वर सरकते तसा तो सरकतो, आणि मंत्र टाकणारा माणूस त्याला पायरी पायरीने खाली आणतो. माझ्या आजोळी, म्हसळ्याच्या अलीकडच्या एका गावात, असे एक विंचू उतरवणारे आजोबा होते. मी त्यांना पाहिलेलं नाही, फक्त आजीकडून त्यांची कीर्ती ऐकली आहे. कीर्ती चांगली होती. ती का चांगली असणार, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं आणि तेही महाडच्या एका डॉक्टरांच्या कामाबद्दल वाचताना.

आधी विंचवाबद्दल. कोकणात काळे विंचूही आहेत आणि लालही. काळा दिसायला भयंकर, पण बहुतेक वेळा दुखवून सोडून देतो. लाल विंचू लहानखुरा, दोन-तीन इंचांचा, तांबूस-पिवळट. माणूस मारतो तो हा. फाब्रिसियस या डॅनिश शास्त्रज्ञाने १७९८ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव ठेवलं 'टॅम्युलस', म्हणजे तमिळ देशातला. पुढे त्याच्या इकडच्या उपप्रकाराच्या नावात थेट 'कोंकणेसिस' आलं. बाकी कुठल्या गोष्टीला जागतिक विज्ञानात कोकणाचं नाव मिळालंय ते आठवून बघा. जांभ्या दगडाच्या फटी, कौलं, लाकूडफाटा, पेंढा, गोवऱ्या हे त्याचं घर, आणि उन्हाळ्यात व पावसाच्या आगेमागे तो आपल्या घरात. भारा उचलताना हाताला, अंधारात परसात जाताना पायाला, नाहीतर अंथरुणात झोपलेल्या पोराला. म्हणजे सिमेंटच्या घरात, बूट घालून राहणाऱ्याला तो सहसा भेटत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९७६ साली हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण एमबीबीएस डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, रायगड झालं ते १९८१ मध्ये. बावस्कर मूळचे आजच्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. शेतकरी घरातली गरिबी, पडेल ती कामं करत शिक्षण, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी. सावित्री नदीच्या खोऱ्यातल्या या गावात त्यांच्यासमोर जे पेशंट येत होते त्यांचा आजार त्यांच्या पुस्तकात जवळजवळ नव्हता.

पेशंट यायचा तेव्हा असा दिसायचा. विंचू लागून तास-दोन तास झालेले. उलट्या, कपडे पिळून काढावेत इतका घाम, तोंडात लाळ. हातपाय बर्फासारखे गार. नाडी पळत असलेली, रक्तदाब वाढलेला. आणि गंमत म्हणजे (गंमत हा शब्द इथे चुकीचा आहे, पण दुसरा सापडत नाही) अशा गंभीर पेशंटना चावल्या जागी फारसं दुखत नसायचं. मग काही तासांत धाप लागायची, खोकला यायचा, तोंडातून गुलाबी फेस यायचा. फुप्फुसात पाणी भरलेलं असायचं. त्यातले बरेच मरायचे. बावस्करांनी नंतर दिलेल्या आकड्यांनुसार, पश्चिम भारतातून १९६१ ते १९८३ या काळात नोंदवल्या गेलेल्या रुग्णांमध्ये फुप्फुसात पाणी भरून होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण २५ ते ३० टक्के होतं. शंभरातले पंचवीस-तीस, त्यात शाळकरी पोरं भरपूर.

यावर उपचार काय होते? सगळं होतं, आणि तोच प्रॉब्लेम होता. अ‍ॅट्रोपिन होतं, स्टिरॉइड होती, फुप्फुसात पाणी म्हणून लघवी वाढवणारी औषधं होती, हृदय थकलं म्हणून डिजॉक्सिन होतं, झोपवून ठेवणारं तीन औषधांचं 'लायटिक कॉकटेल' होतं. प्रत्येक लक्षणाला एक गोळी. आमच्याकडे प्रॉडक्शनमध्ये एखादी सिस्टीम पडली की घाबरलेली टीम जे करते तेच: हे रीस्टार्ट कर, ते टाइमआउट वाढव, मेमरी दुप्पट कर. कधीकधी सिस्टीम उठतेही आणि मग कशामुळे उठली ते कोणालाच माहीत नसतं.

बावस्करांनी पहिल्यांदा जे केलं ते कंटाळवाणं होतं. ते पेशंटजवळ बसले. विंचू लागल्यापासून किती वेळाने काय झालं, नाडी किती, रक्तदाब किती, हातपाय गार कधी झाले, हे रात्र-रात्र जागून लिहून काढलं. सोबत ना ईसीजीचा मॉनिटर ना रक्ताची लॅब. १९७७ साली 'इंडियन हार्ट जर्नल'मध्ये विंचूदंश आणि हृदयावरचे परिणाम यावर त्यांचं लेखन आलं. १९८२ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट'ने त्यांचा एक लेख छापला. विषय असा की लाल विंचू चावल्यावर हृदयावर परिणाम होणार आहे हे आधीच कोणत्या खुणांवरून ओळखावं. उलट्या, भरपूर घाम, गार हातपाय, पुरुषांमध्ये लिंगाची ताठरता. ही शेवटची खूण पाहून पेशंटच काय, नर्सही अवघडत असणार. पण घड्याळ आणि डोळे एवढीच साधनं लागतील अशी ती यादी होती. कोणाला रात्रभर ठेवून घ्यायचं आणि कोणाला दुखण्याचं इंजेक्शन देऊन घरी पाठवायचं, हे त्यावरून ठरवता येत होतं.

आता शरीरात होतं काय? मी कॉम्प्युटरचा माणूस आहे. माझी मामेबहीण एमबीबीएसला होती तेव्हा तिचं फिजिऑलॉजीचं जाडजूड पुस्तक मी सुट्टीत चाळायचो. तिला ते पाठ करायचं होतं, मला नव्हतं, म्हणून मला ते आवडलं. रक्ताभिसरणाच्या धड्यात एक समीकरण आहे: रक्तदाब म्हणजे हृदयाने मिनिटाला ढकललेलं रक्त गुणिले रक्तवाहिन्यांचा अडथळा. हा चक्क ओहमचा नियम आहे. व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स. डिप्लोमाच्या पोरालाही येतो.

मज्जातंतूतून संदेश जातो तो सोडियमच्या दारांतून. दार उघडतं, सोडियम आत जातं, संदेश पुढे सरकतो आणि दार हजारांश सेकंदात बंद होतं. या बंद होण्यावर सगळा कारभार चालतो. विंचवाच्या विषातले काही रेणू नेमके तिथे पाचर मारतात. दार नीट बंदच होत नाही. संदेश संपत नाही, तंतू पुन्हा पुन्हा पेटत राहतो. इन्फिनिट लूप म्हणा. वेदना वाहणारे तंतू पेटले की कळ चढते. पण खरा घात होतो तो स्वायत्त मज्जासंस्थेचे, म्हणजे आपल्याला न विचारता हृदय-आतडी-घाम चालवणारे तंतू पेटले की.

आधी थोडा वेळ अ‍ॅसिटिलकोलीनचा पूर येतो, त्यात उलट्या, घाम, लाळ, ताठरता. ही पहिली लाट ओसरते आणि मग अ‍ॅड्रिनलिन-नॉरअ‍ॅड्रिनलिनची दुसरी लाट येते, ती तासन्‌तास टिकते. वाघ दिसला की जे एक मिनिट व्हायला हवं ते रात्रभर चालू. हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून ते गार पडतात. समीकरणातला रेझिस्टन्स प्रचंड वाढतो. हृदय बंद नळाविरुद्ध पंप मारल्यासारखं मारत राहतं, थकतं, मागे रक्त तुंबतं, आणि मागे फुप्फुसं असतात.

हे चित्र डोळ्यासमोर ठेवून ती जुनी औषधं पुन्हा तपासा. अ‍ॅट्रोपिन पहिली लाट अडवतं, म्हणजे हृदयाला आवरणारा एकमेव ब्रेक काढून घेतं आणि दुसऱ्या लाटेला रान मोकळं करून देतं. डिजॉक्सिन थकल्या पंपाला चाबूक मारतं, पण नळ तर बंदच आहे. घाम आणि उलट्यांनी आधीच कोरड्या पडलेल्या माणसाला लघवीची औषधं आणखी सुकवतात. यातलं प्रत्येक औषध कुठल्या तरी दुसऱ्या आजारात बरोबर आहे. आजारांची नावं पाठ करणाऱ्याला ते बरोबरच वाटणार, कारण फुप्फुसात पाणी म्हटलं की अमुक द्यायचं असं त्याने लिहून मार्क मिळवलेले असतात.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी, कारण वर्तमानपत्री लेखांत ती गाळली जाते. हे चित्र एकट्या बावस्करांनी शून्यातून काढलेलं नाही. विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी भरतं हे मुंडले यांनी १९६१ सालीच 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये कळवलं होतं. इस्राएलमध्ये गेरॉन आणि सहकारी तिथल्या पिवळ्या विंचवाच्या पेशंटवर काम करून हृदयाच्या बिघाडाचं वर्णन करत होते. अ‍ॅड्रिनलिन ज्या कुलपांना लागतं ती अल्फा आणि बीटा अशी दोन प्रकारची असतात ही कल्पना रेमंड आल्क्विस्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४८ मध्ये मांडली होती. एका प्रतिष्ठित नियतकालिकाने ती नाकारली, म्हणून ती दुसरीकडे छापून आली. म्हणजे तुकडे जगभर पडलेले होते. एकटा हिरो सगळं करतो हा सिनेमा आपल्याला फार आवडतो, पण मला इथे जे अवघड वाटतं ते वेगळं आहे. ते तुकडे बिरवाडी-महाडच्या खाटेवर, वीज असेल-नसेल अशा रात्री, एकत्र आणणं.

मधल्या काळात बावस्कर पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून एमडी झाले. एमडी झालेला माणूस साधारण पुण्यातच राहतो. ते महाडला परतले. रक्तवाहिन्या सैल करायच्या हे तत्त्व ठरलं होतं. फुप्फुसात पाणी भरलेल्या पेशंटना सोडियम नायट्रोप्रुसाइड शिरेतून देऊन पाहिलं, आणि त्याने फरक पडत होता. पण ते औषध थेंबाथेंबाने, दर काही मिनिटांनी रक्तदाब मोजत द्यावं लागतं. ते आयसीयूचं औषध. पोलादपूरच्या वरच्या एखाद्या वाडीतून माणूस डोलीत किंवा एसटीने येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते, आणि आला तरी त्याच्यासाठी चोवीस तास एक माणूस उभा कोण ठेवणार?

मग आलं प्राझोसिन. रक्तदाबाची साधी गोळी. तिला अमेरिकेत मंजुरी मिळाली ते साल १९७६, म्हणजे बावस्कर बिरवाडीला आले तेच. विंचवाशी तिचा काही संबंध नव्हता. ती फक्त अल्फा कुलपं बंद करते, त्यामुळे किल्ल्या कितीही फिरोत, रक्तवाहिन्या आवळत नाहीत. तोंडाने देता येते, स्वस्त आहे, फ्रिज लागत नाही. लहान मुलांना वजनाच्या दर किलोला ३० मायक्रोग्रॅम, दर तीन तासांनी, हातपाय कोमट आणि कोरडे होईपर्यंत. एकच पथ्य मोठं. पहिल्या डोसनंतर रक्तदाब एकदम पडू शकतो, म्हणून पेशंटला आडवंच ठेवायचं, उचलून कडेवर घ्यायचं नाही. आईला हे पटवणं हा उपचाराचा भागच असणार.

१९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्राझोसिनवरचा लेख आला. नावं दोन: हिंमतराव बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर. हे दुसरं नाव बहुतेक लेखांत 'त्यांच्या पत्नीचीही साथ लाभली' या एका वाक्यात संपतं. पेपरवर लेखक म्हणून नाव असणं आणि साथ लाभणं यात फरक आहे, एवढंच म्हणतो.

बावस्करांच्याच मांडणीनुसार १९८४ नंतर, प्राझोसिन रुळल्यावर, मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या खाली आलं. तीस टक्क्यांवरून एक टक्का. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा अंगावर काटा आला आणि लगेच डोक्यातला टेस्टिंगवाला जागा झाला. ही तुलना आधीच्या आणि नंतरच्या पेशंटची आहे. मधल्या वर्षांत रस्ते झाले, लोक लवकर येऊ लागले, उलट परिणाम करणारी जुनी औषधं थांबली, आणि हलके पेशंटही जास्त येऊ लागले असतील. सगळं श्रेय एका गोळीला कसं द्यायचं? शंका रास्त आहे, आणि वैद्यकातही ती घेतली गेली. वादही झाले. मुंबईत राधाकृष्ण मूर्ती हे इन्शुलिनचा मार्ग मांडत होते. अ‍ॅड्रिनलिनच्या पुरात इन्शुलिन दबतं, साखर वाढते, तेव्हा तिथून धरा असं त्यांचं म्हणणं.

आणि मूळ प्रश्न उरतोच. प्राझोसिन कुलपं बंद करतं, पण विष तर रक्तात फिरतच आहे. लाल विंचवाच्या विषावरचं प्रतिविष मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होऊ लागलं. पश्चिम महाराष्ट्रातल्या ग्रामीण रुग्णालयातून नातू आणि सहकाऱ्यांनी त्याचे चांगले परिणाम नोंदवले. बावस्करांपुढे तेव्हा दोन रस्ते होते. स्वतःच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपचाराची बाजू लढवायची, किंवा तपासून बघायचं. त्यांनी महाडला ७० पेशंटवर चाचणी केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने दोन गट, निम्म्यांना फक्त प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन अधिक प्रतिविष. २०११ च्या 'बीएमजे'मध्ये निकाल आला. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२, आणि फक्त प्राझोसिनवाल्या ३५ पैकी ८. बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ ८ तास विरुद्ध १७.७ तास. पंचवीस वर्षं ज्या गोळीने नाव दिलं ती एकटी पुरेशी नाही, दोन्ही मिळून जास्त चांगलं, हे त्यांनी स्वतःच्याच आकड्यांनी छापलं. २०२२ च्या पद्मश्रीपेक्षा मला ही चाचणी मोठी वाटते. आम्ही स्वतःचा कोड डिलीट करायची वेळ आली की काय काय कारणं शोधतो ते मला माहीत आहे.

विज्ञानाचा दुसरा एक धागा याच विंचवातून निघून भलतीकडेच गेला. १९९० मध्ये अमेरिकन संशोधकांनी याच जातीच्या विषातून इबेरिओटॉक्सिन नावाचा रेणू वेगळा काढला. पेशींमधली एका विशिष्ट प्रकारची पोटॅशियमची दारं तो इतक्या अचूकपणे बंद करतो की रक्तवाहिन्यांचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत तो हत्यार म्हणून वापरला जातो. म्हणजे बोस्टनमधला पीएचडीचा विद्यार्थी आपल्या परसातलं विष मायक्रोग्रॅमच्या भावाने विकत घेतो. त्याला महाड कुठे आहे ते माहीत असायचं कारण नाही.

आता परत त्या जाड पुस्तकाकडे. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन असे तीन विषय असतात. पूर्वी त्यांना दीड वर्ष मिळायचं, १९९७ मध्ये ते एक वर्षावर आलं. मामेबहीण सांगते की त्या वर्षात प्रश्न पडायला वेळच नसतो, नीट परीक्षेतून सुटायची झालेली असते. आणि विंचू अभ्यासक्रमात कुठे शिकवला जातो? न्यायवैद्यकशास्त्र आणि विषशास्त्रात. शवविच्छेदन, गळफास, बुडून मृत्यू यांच्या शेजारी. त्या विषयाचं तिथे चुकत काही नाही, विष म्हणून तो तिथे बसतो. पण फिजिऑलॉजीतली अल्फा कुलपं पहिल्या वर्षी, औषधशास्त्रातलं प्राझोसिन दुसऱ्या टप्प्यात, विंचू आणखी कुठे तरी, आणि फुप्फुसातलं पाणी शेवटी मेडिसिनच्या वॉर्डात. चार मायक्रोसर्व्हिस, एकमेकांशी बोलायला एपीआय नाही. त्या जोडायचं काम शेवटी रात्रपाळीच्या एकट्या डॉक्टरवर येतं.

२०१९ पासून नव्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांना पेशंटसमोर न्यायची सोय केली आहे, आणि आता अलिबागलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रायगडच्या पोरांना फिजिऑलॉजी शिकायला जिल्ह्याबाहेर जायला नको. तिथे रक्ताभिसरणाचा धडा लाल विंचवापासून सुरू करता येईल. रक्तदाब, रेझिस्टन्स, स्वायत्त मज्जासंस्था, रिसेप्टर, फुप्फुसातला दाब, सगळं एकाच पेशंटमध्ये, एका रात्रीत दिसतं. पाश्चात्त्य पुस्तकात हा पेशंट नाही, कारण तो सिमेंटच्या घरात, बूट घालून राहणाऱ्याला होणारा आजार नाही.

आणि ते विंचू उतरवणारे आजोबा? विंचू लागलेल्यांपैकी बऱ्याच जणांना फक्त वेदना होतात आणि त्या काही तासांनी आपोआप कमी होतात. मंत्र टाका, चिंच लावा, काही करू नका, विंचू उतरतोच. त्यामुळे आजोबांचा हिशेब कायम जमेत. पण बावस्करांच्या निरीक्षणात उलटाही प्रकार आहे. ज्यांच्या हृदयावर वादळ आलंय त्यांच्या जखमेची कळ नाहीशी झालेली असते. घरचे म्हणतात उतरला, आणि पोरगं गार पडत जातं. उपचारांनी हातपाय कोमट झाले, नाडी शांत झाली, की त्या पेशंटना पुन्हा नांगी लागलेल्या जागी दुखायला लागतं. पोरगं रडायला लागतं, आई घाबरून धावत येते, आणि वॉर्डातला डॉक्टर केसपेपरवर सुधारणा लिहितो.